दादापीरची जप्त पोती

मल्लेकेऱ्याच्या बाजारात दादापीरचा राग त्याच्या चुरमुऱ्यांइतकाच प्रसिद्ध होता. एखाद्या पोत्यात चेपका, न फुललेला माल निघाला की तो ते पोतं पाठीवर मारून भट्टीवाल्याच्या दारात जायचा आणि तिथंच पालथं करायचा. "हे आधी तुझ्या पोरांना घाल, मग मला वीक." तासाभरानं तो त्याच भट्टीवाल्याच्या ओट्यावर बसून चहा पीत असायचा. राग यायचा, जायचा. फक्त एकदा आला तो सहा वर्षं गेला नाही.

त्याच्या बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या भट्टीवर तापल्या वाळूत तांदूळ परतला होता. दादापीर पंचविशीत व्यापारात पडला. भट्ट्यांच्या गल्लीत अठरा भट्ट्या. त्यांना तांदूळ पुरवायचा आणि फुललेला माल उचलायचा, हा त्याचा धंदा. तांदूळही साधा चालत नाही. जाड भात उकडायचा, भाजायचा, सडायचा, मिठाच्या पाण्यातून काढून वाळवायचा, तेव्हा तो वाळूत पडल्यावर टपोरा फुलतो. दादापीर हे सगळं स्वतःच्या आवारात करून घ्यायचा आणि भट्टीवाल्यांना तयार तांदूळ द्यायचा. तो भरायला पोती लागत. रेशन दुकानात माल संपला की रिकामं बारदान उरतं, ते दुकानदार लिलावात विकतात. पोत्यावर सरकारचा निळा शिक्का असतो, पण ताग चांगला असतो. दादापीर वर्षानुवर्षं तीच पोती घ्यायचा, पावती घेऊन, सगळ्यांदेखत.

रमजान ईद होऊन चार दिवस झाले होते. सकाळी दहाच्या सुमाराला फौजदार तिप्पेस्वामी सहा शिपाई आणि एक फोटोवाला घेऊन गोदामात शिरला. रेशनच्या तांदळाचा काळाबाजार वाढला म्हणून विधानसभेत ओरड झाली होती, आणि प्रत्येक ठाण्यानं केसेस दाखवाव्यात असा वरून निरोप होता. हे दादापीरला फार नंतर कळलं. त्या सकाळी त्याला एवढंच दिसलं की फौजदार काठीनं एकेका पोत्याला ढोसतोय.

"हे काय आहे?"

"तांदूळ, साहेब."

"ते दिसतंय मला. पोत्यावर काय आहे?"

"सरकारचा शिक्का."

"मग माल कुणाचा झाला?"

"माल माझा. पोतं सरकारचं होतं, ते मी विकत घेतलंय. पावत्या आहेत." आणि मग दादापीरच्या जिभेला हाड राहिलं नाही. "तुमच्या घरी बिस्किटांच्या डब्यात जिरं ठेवत असतील साहेब, म्हणून जिऱ्याचं बिस्किट होतं का?"

एक शिपाई फिसकन हसला. तिप्पेस्वामीनं त्या शिपायाकडं पाहिलं, मग दादापीरकडं पाहिलं. तोवर कदाचित चार पोती नेऊन, दमदाटी करून तो परत गेला असता. आता ते शक्य नव्हतं.

"सगळी मोजा," तो म्हणाला.

एकशेबारा पोती भरली. दादापीर घरातून पावत्यांची फाईल घेऊन आला. फौजदारानं ती हातात घेतली, न उघडता जीपच्या टपावर ठेवली. दादापीरनं एका पोत्यातला मूठभर तांदूळ काढून पुढं धरला.

"एक दाणा तोंडात टाका साहेब. खारट लागेल. हा चुरमुऱ्यांचा तांदूळ आहे, मीठ लावलेला. सरकार काय रेशनवर खारवलेला तांदूळ देतं? याचा भात केला तर कुत्रं खाणार नाही."

"मुद्देमाल मी खाऊ? आणखी एक कलम लावू काय?"

"मग या शिपायांना द्या. पंचांना द्या. कुणीतरी चाखा की!"

कुणी चाखला नाही. पंच तिथं नव्हतेच. पंचनाम्यावर सह्या करणारे दोघं जण समोरच्या टपरीवर चहा पीत बसले होते. त्यातला एक चंद्रप्पा न्हावी, ज्याच्याकडं दादापीर वीस वर्षं दाढी करून घेत होता. कोऱ्या कागदावर सही करून तो खाली मान घालून निघून गेला. पुढं एकदा दादापीरनं त्याला अडवलं तर तो म्हणाला, "काय करू साब, माझं दुकान ठाण्याच्या दारात आहे. तुमच्या दारात असतं तर तुमच्या बाजूनं केली असती." दादापीरनं त्यानंतर त्याच्याकडं पाऊल टाकलं नाही. दाढी वाढवली. लोकांना वाटलं, म्हातारपणी धर्माकडं वळला.

दोन रात्री कोठडीत काढून तो जामिनावर बाहेर आला, तेव्हा जिल्ह्याच्या पेपरात त्याचा फोटो छापून झाला होता. मागं पोती, पुढं तो, हातात मूठभर तांदूळ. वर मथळा: 'गरिबांचा घास गिळणारा व्यापारी गजाआड.' तांदूळ चाखा म्हणून पुढं केलेला हात फोटोत चोरी पकडल्यासारखा दिसत होता.

पेपराचं त्याला एवढं नव्हतं. पण बस स्टँडच्या कोपऱ्यावर रुद्रम्मा म्हणून एक म्हातारी चणे-चुरमुरे विकायची. तिला तो तीस वर्षं माल द्यायचा, तिच्या नवऱ्याच्या मयतीला खांदा द्यायला गेला होता. तो जामिनावर सुटून स्टँडवर उतरला तेव्हा ती गिऱ्हाईकांसमोर म्हणाली, "महिन्याला रेशनवर मला जे चार किलो कमी मिळतात, ते कुठं जातात ते आज कळलं गं बाई!"

दादापीर तिथंच थांबला. "अव्वा, तू तीस वर्षं माझा माल विकतेस. माझा तांदूळ कसा असतो तुला ठाऊक नाही?"

"माल ठाऊक आहे. माणूस कुठं ठाऊक असतो?"

घरी येऊन त्यानं जेवणाचं ताट सरकवलं. हजरतबीनं, त्याच्या बायकोनं, ते उचलून झाकून ठेवलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला कळलं होतं की ओरडणारा दादापीर बरा. गप्प बसलेल्या दादापीरच्या वाटेला जाऊ नये.

खटला उभा राहिला. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा, कलम तीन आणि सात. गावातला वकील विरूपाक्षप्पा दर तारखेला काळा कोट झटकत यायचा आणि पुढची तारीख घेऊन जायचा. कधी न्यायाधीशसाहेब रजेवर, कधी फौजदार बंदोबस्तावर, कधी कागद आले नाहीत. पोती अन्न खात्याच्या गोदामात पडली होती. ती सोडवायचा अर्ज दादापीरनं जिल्हा कचेरीत केला. तिथं कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाहीही म्हटलं नाही. पावत्यांची फाईल आरोपपत्राला जोडलेलीच नव्हती. कुठं गेली विचारलं तर ठाण्यात म्हणाले, "कसली फाईल?" दरम्यान तिप्पेस्वामीला बढती मिळून तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला.

धंदा निम्म्यावर आला. अठरांतल्या अकरा भट्ट्यांनी दुसऱ्याकडून तांदूळ घ्यायला सुरुवात केली. "तुमच्याबद्दल काही नाही हो, पण उद्या आमच्या दारात जीप नको," असं एकेक जण येऊन सांगायचा, आणि सांगून वर त्याच्याच घरचा चहा प्यायचा.

पाचव्या वर्षी विरूपाक्षप्पानं कोर्टाच्या व्हरांड्यात त्याला बाजूला घेतलं.

"साब, एक सांगू? गुन्हा कबूल करून टाका. मी साहेबांशी बोललोय. थोडा दंड होईल, संध्याकाळी घरी. मागं कटकट नाही."

"काय कबूल करू?"

"जे लिहिलंय ते."

"म्हणजे मी चोर आहे असं?"

"अहो, तसं नाही, ते कायद्याच्या भाषेत..."

"कायद्याच्या भाषेत चोराला काय म्हणतात?"

विरूपाक्षप्पा हसायला गेला आणि दादापीरचा चेहरा पाहून मधेच थांबला. घरी येऊन दादापीरनं बायकोला सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं ती थकलीय, म्हणेल, संपवा आता. हजरतबी भाकरी थापत होती. तिनं परातीतून हात काढलाही नाही.

"चोर म्हणून सही करून यायचं असेल, तर तिथूनच कुठंतरी जा. इथं येऊ नका."

बेंगळुरूत दादापीरचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, भेळेच्या चार गाड्या चालवणारं. त्याच्या ओळखीनं वैदेही हेगडे नावाच्या वकीलबाई मिळाल्या. पस्तिशीच्या, चष्म्याच्या, आणि बोलण्यात सुरीसारख्या. त्यांनी आरोपपत्र दादापीरसमोरच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मधे एकदाही फोन घेतला नाही. पाच वर्षांत ते कागद कुणीतरी पहिल्यांदाच सबंध वाचत होतं.

दादापीरनं जपून ठेवलेली रुमालाची पुरचुंडी सोडली. पोती उचलताना सांडलेला तांदूळ त्यानं तेव्हा गोळा करून ठेवला होता. "बाई, एक दाणा चाखा."

बाईंनी खरोखर एक दाणा जिभेवर ठेवला. तोंड वाकडं केलं. "खारट आहे. मला पटलं. पण हे मी कोर्टात बोलणार नाही."

"का?" दादापीर उसळलाच. "हाच तर पुरावा आहे!"

"पुरावा म्हणूनच नाही. खारट की अळणी हे ठरवायचं तर साक्षीपुरावे हवेत, म्हणजे खटला चालायला हवा. तुम्हाला आणखी पाच वर्षं घालवायचीत का? आपण हायकोर्टाला म्हणायचं, खटला उभाच राहू शकत नाही, रद्द करा. त्यासाठी तुमच्या पोत्यात काय आहे ते दाखवायचं नसतं. त्यांच्या कागदात काय नाही ते दाखवायचं असतं."

"आणि मग मी चोर नाही हे कधी दाखवायचं?"

बाई चष्मा पुसत राहिल्या.

हायकोर्टात प्रकरण उभं राहायला आणखी एक वर्ष गेलं. त्या दिवशी दादापीर आणि हजरतबी पहाटेच्या बसनं निघून लाल रंगाच्या त्या इमारतीत पोचले. नंबर पुकारला तेव्हा साडेबारा झाले होते. न्यायमूर्ती पिकल्या केसांचे, आवाज इतका हळू की मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. त्यांनी सरकारी वकिलाला विचारलं, "आरोपीनं कोणता आदेश मोडला?"

"मायलॉर्ड, जीवनावश्यक वस्तूंचा कायदा..."

"कायदा नव्हे. त्या कायद्याखाली सरकार आदेश काढतं. त्यातला कोणता मोडला? आरोपपत्रात कुठं लिहिलंय?"

सरकारी वकील पानं उलटू लागला.

"तांदूळ रेशनचा आहे, असा तपासणीचा अहवाल?"

पानं उलटत होती.

"या फौजदाराला हा माल तपासायचा अधिकार कुणी दिला होता? काही पत्र, काही हुकूम?"

"सूचना घ्यायला थोडी मुदत मिळावी."

"सहा वर्षं झाली," न्यायमूर्ती म्हणाले. "आता कसली मुदत?" आणि त्यांनी शेजारच्या लेखनिकाला तोंडी मजकूर सांगायला सुरुवात केली. खटला रद्द. जप्त माल आरोपीला परत द्यावा. भिंतीवरच्या घड्याळात दादापीरनं पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. पुढचा नंबर पुकारला गेला.

बाहेर आल्यावर हजरतबीनं पदर डोळ्यांना लावला. वैदेहीबाईंनी अभिनंदन म्हणून हात पुढं केला. दादापीरनं तो धरला नाही.

"बाई, ते निर्दोष म्हणाले का?"

"खटला रद्द झाला, साब. त्याहून चांगलं काय हवं?"

"मी चोर नाही असं ते कुठं म्हणाले? कागद नाही म्हणाले, अहवाल नाही म्हणाले, अधिकार नाही म्हणाले. माझ्याबद्दल काय म्हणाले?"

"कायद्याच्या दृष्टीनं आता तुमच्यावर आरोपच नाही. जिथं आरोप नाही, तिथं निर्दोष कशातून ठरवायचं?"

"मग सहा वर्षं काय होतं?" दादापीर इतक्या जोरात ओरडला की व्हरांड्यातले चार काळे कोट वळून पाहू लागले. "अकरा मिनिटांचं काम होतं हो! हे तीन प्रश्न कुणीही विचारू शकला असता. पहिल्या दिवशी ठाण्यात, पहिल्या तारखेला कोर्टात, कुणीही. एकाला विचारावेसे वाटले नाहीत?"

वैदेहीबाईंनी निकालाची प्रत मागवायचा अर्ज लिहायला घेतला.

मल्लेकेऱ्यात बातमी त्याच्याआधी पोचली होती. पण कशी पोचली? 'सुटला' अशी. पेपरच्या कचेरीत जाऊन त्यानं निकालाची प्रत टेबलावर ठेवली, तर तिथला तरुण म्हणाला, "चाचा, जुनी बातमी आहे ही. हवी तर जाहिरात द्या, शनिवारी स्वस्त पडते." रुद्रम्मानं निकालाचा कागद उलटसुलट केला आणि परत दिला. "बेंगळुरूपर्यंत जाऊन सुटून आलास ना? चांगलं झालं. आमच्यासारख्याला कोण सोडवतं?" तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, हेच त्याला जास्त लागलं. तिला खरंच तसं वाटत होतं.

निकालात लिहिलं होतं त्याप्रमाणे तो माल परत घ्यायला अन्न खात्याच्या गोदामावर गेला. तिथं सुचित्रा नावाची नवी निरीक्षक होती, वयानं त्याच्या धाकट्या मुलीएवढी. तिनं निकाल नीट वाचला आणि हमालांकडून कोपऱ्यातली पोती बाहेर काढवली. सत्त्याण्णव निघाली. पंधरांचा पत्ता नव्हता. जी निघाली त्यांतली वरची उंदरांनी फाडलेली, खालची भिंतीच्या ओलीनं धरलेली. आतला तांदूळ दगडासारखा आवळून काळा पडलेला. एका पोत्याला हमालानं आकडा लावला तर पोतं तिथंच फाटलं आणि आतलं ढेकूळ धप्पकन जमिनीवर पडलं. वास असा की सुचित्रानं ओढणी नाकाला लावली.

गोदामातल्या म्हाताऱ्या कारकुनानं छापील कागद पुढं केला. 'जप्त माल पूर्ण व सुस्थितीत मिळाला.' खाली सहीची जागा.

दादापीरनं तो वाचला, पुन्हा वाचला. "हे काय आहे?"

"पोच आहे. सही करा आणि न्या."

"सुस्थितीत?"

"अहो, छापीलच असतं ते. सगळेच करतात."

दादापीरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझा माल नेला तेव्हा छापील कागद होता. पंचांनी सही केली तेव्हा छापील कागद होता. आरोपपत्र छापील. प्रत्येक वेळी एकच, छापीलच असतं, सही करा, सगळेच करतात. मी नाही करत."

"मग माल मिळणार नाही."

"मग नको. हायकोर्टाला तसं लिहून द्या, की मी सही करेना म्हणून दिला नाही." तो फाटक्या पोत्यावरच बसला. "लिहून दिल्याशिवाय उठत नाही."

सुचित्रानं जिल्ह्याला फोन लावला. पलीकडून काय सांगितलं ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं: सही घ्या, कसंही करून घ्या. ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. "चाचा, मी इथं येऊन चार महिने झालेत. हे सगळं माझ्याआधीचं आहे. मी नव्हते तेव्हा."

"ठाऊक आहे पोरी. तू नव्हतीस. तो फौजदार आता इथं नाही. ठाण्यातला आजचा साहेब तेव्हा नव्हता. ज्यानं फाईल हरवली तो रिटायर झाला. सहा वर्षं मी ज्याच्याज्याच्याकडं गेलो, तो प्रत्येक माणूस म्हणाला, मी तेव्हा नव्हतो. मग माझ्या गोदामात आलं कोण? सगळ्यांपैकी मी एकटाच होतो तेव्हा?"

ती पंख्याखाली जाऊन बसली, उठली, पोत्यांच्या रांगेतून एकदा चालून आली. मग तिनं छापील कागद घेतला, 'पूर्ण व सुस्थितीत' या शब्दांवर रेघ ओढली आणि बाजूला लिहायला लागली. एकशेबारांपैकी सत्त्याण्णव पोती हजर. पंधरा पोती आढळली नाहीत. आतील माल ओलीनं व उंदरांमुळं खराब, खाण्यास अयोग्य. तारीख, वेळ, सही.

"मॅडम, वरचे साहेब काय म्हणतील?" कारकून घाबरून म्हणाला.

"जे दिसतंय ते लिहिलंय. तुम्हालाही दिसतंय ना? मग साक्षीदार म्हणून इथं सही करा."

कारकुनानं इकडंतिकडं पाहिलं आणि केली. मग दादापीरनं केली, उर्दूत, मोठ्या अक्षरांत. माल त्यानं नेला नाही. "हे तुमच्या उंदरांचं," म्हणाला, आणि कागदाची प्रत खिशात घालून पायी घरी आला.

वैदेहीबाईंना त्यानं फोनवर तो मजकूर वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, या कागदावर सरकारविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लागू शकतो. लागेल, टिकेलही. पण वेळ जाईल.

हजरतबी शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "वेळ म्हणजे किती?"

"पाच वर्षं. आठ. कुणाला ठाऊक."

"तुम्ही चौसष्ट वर्षांचे आहात."

"मग?"

"मधेच मेलात तर?"

"तर तू चालव."

"मी? मला कुठं भांडता येतं?"

"चाळीस वर्षं माझ्याशी काय करतेयस मग?"

ती हसली नाही. तिनं तो कागद त्याच्या हातून घेतला, तिला वाचता येत नव्हतं तरी खालच्या तिन्ही सह्यांवरून बोट फिरवलं, घडी घातली आणि बांगड्यांच्या डब्यात ठेवायला निघाली. दारातून वळून म्हणाली, "बाईंना याची प्रत कधी पाठवायची?"

"उद्या पाठवतो."

"उद्या जुम्मा आहे, तुमचं अर्धं लक्ष तिकडं असतं. आजच पाठवा."